सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे

"आ करा," मी म्हणालो, आणि ज्या माणसाला आजच्या आज लटकवा म्हणून मी भर चौकात पंचवीस मिनिटं बोललो होतो, त्याने मुकाट्याने आ केला.

कारागृहात दातांची खुर्ची नव्हती. न्हाव्याची होती, ती बरी पडली. एक शिपाई माझी बॅटरी धरून उभा होता, दुसरा नुसताच उभा होता. समोर तुरुंगाधिकारी ढेकळे फाईल छातीशी धरून होते. खुर्चीत सोपान कुरवडे, डावा गाल सुजून पेरूएवढा झालेला.

"ताप एकशे एक," ढेकळे म्हणाले. "आमच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, उतार नाही. आणि बावीस तारीख ठरलीय."

"कशाची?" मी विचारलं. मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

ढेकळ्यांनी छताकडे पाहिलं. "तीच."

"मग आता दाताचं काय एवढं?"

"असं कसं, साहेब? आजारी माणसाला फाशी देता येत नाही. वजन, नाडी, ताप, सगळं ठणठणीत पाहिजे. तापात देणं म्हणजे अमानुष."

हे त्यांनी इतक्या कळवळ्याने सांगितलं, की मी मान डोलावली आणि सोपानच्या तोंडात आरसा घातला.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं होतील. सोपान कुरवडे रंगारी होता. आगटे सरांच्या घराला रंग द्यायला आला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने सरांना आणि सांगलीहून आलेल्या त्यांच्या मेहुण्याला मारलं, कपाटातल्या चार पाटल्या घेतल्या, आणि एस.टी. स्टँडवर भजी खाताना सापडला. कोपरापर्यंत पिस्ता रंग होता, त्यामुळे पोलिसांना फारसं डोकं चालवावं लागलं नाही. माई, म्हणजे आगटे सरांची बायको, त्या दुपारी घरी असत्या तर दोनाचे तीन झाले असते. त्या माझ्या दवाखान्यात होत्या. कवळीचं माप द्यायला मी त्यांना अकराची वेळ दिली होती आणि दीडपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं. दंतवैद्याच्या उशिरामुळे जीव वाचल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

सरांनी मला तीन वर्षं मराठी व्याकरण शिकवलं होतं. त्यामुळे गावाने मूक मोर्चा काढला तेव्हा मी पुढे होतो, आणि वाचनालयाच्या चौकात कुणीतरी माझ्या हातात माईक दिला तेव्हा मी तो घेतला. मूक मोर्चात भाषण केलेला मी एकटाच. "आजच्या आज" हे शब्द माझेच. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात माझ्या फोटोखाली छापून आले.

"काढून टाका की, डॉक्टर," आरसा बाहेर काढल्यावर सोपान म्हणाला. "मला काय करायचाय त्यो?"

मी पुन्हा आत बघितलं. मुळाशी पू होता, पण दात भक्कम होता. आता खरं सांगायचं तर मी तो तिथल्या तिथे उपटायला हवा होता. पण माझ्या दवाखान्याबाहेर 'दात वाचवणे शक्य आहे' अशी पाटी आहे, आणि तो दात खरोखर वाचण्यासारखा होता. वाचणारा दात दिसला की मला राहवत नाही. ही सवय आहे. तिच्यात तत्त्व वगैरे काही नाही.

"वाचेल," मी म्हणालो.

नुसत्या उभ्या असलेल्या शिपायाला खोकला आला.

"किती दिवस लागतील?" ढेकळ्यांनी विचारलं.

"रूट कॅनाल करावं लागेल. तीन वेळा यावं लागेल मला. मग कॅप."

ढेकळ्यांनी खिशातून छोटं कॅलेंडर काढून त्यावर बोट फिरवलं. "बावीसच्या आत बसवा म्हणजे झालं. ती कॅप टिकते किती?"

"धातूची आरामात पंधरा वर्षं."

"त्याहून कमी टिकणारी नसते का?"

"असते. पण मी ती बसवत नाही."

ढेकळ्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. सरकारी माणसाला नियम पाळणारा कुणीही आवडतो.

दुसऱ्या खेपेला सूज उतरली होती. सोपानचा चेहरा मला पहिल्यांदा नीट दिसला. त्यात विशेष काही नव्हतं. मी आपला काम करत होतो. मशीन चालू, तोंडात कापसाचे दोन बोळे. आमच्या धंद्यात एक खोड असते. पेशंटच्या तोंडात बोळे कोंबले की आम्हाला त्याची विचारपूस सुचते. मुलगी कितवीला, बदली झाली का, असलं काहीतरी. त्या दिवशीही माझ्या तोंडून तसंच गेलं.

"का मारलंस रे सरांना?"

सोपानने माझ्याकडे बघितलं आणि सांगायला लागला. बराच वेळ सांगत होता. मध्ये एकदा डोळे मिटले, एकदा हात वर करून भिंतीवर ब्रश फिरवल्यासारखं केलं. मला त्यातला एक शब्दही कळला नाही. संपल्यावर त्याने मोठा श्वास सोडला. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी विचारलं होतं, असं त्याचं तोंड झालं.

आता बोळे काढून "काय म्हणालास?" असं विचारायला हवं होतं. माझ्याच्याने ते झालं नाही. "बरं," मी म्हणालो. "चूळ भर."

तिसऱ्या खेपेला कॅप बसवली. सोपान तिच्यावरून जीभ फिरवत राहिला.

"दगडावानी झालाय," तो म्हणाला. "किती वर्सं म्हणाला व्हता?"

"पंधरा. महिनाभर त्या बाजूने कडक काही चावायचं नाही."

"बरं," तो गंभीरपणे म्हणाला. त्या दिवशी तेरा तारीख होती. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "माझ्यामागं कुणाला बसंल का ही?"

"नाही. ज्याचं माप त्यालाच बसते."

"मग वाया की."

मी केसपेपर लिहायला घेतला. काय झालं, काय केलं, सही. आणि सहीखाली, तोवरची बारा वर्षं प्रत्येक केसपेपरावर मारत आलो होतो तसा, बॅगेतला रबरी शिक्का काढून मारला. 'दर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवणे.' ढेकळ्यांनी कागद न वाचता फाईलला लावला. त्यांच्या पुढे अजून पुष्कळ तयारी होती.

सोळा तारखेला ते माझ्या दवाखान्यात आले. साध्या कपड्यांत होते, पण बसले मात्र गणवेशात असल्यासारखे, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांच्या शेजारी दाढ दुखणारी एक बाई होती. ती न सांगता सरकून बसली.

"साहेब, हे काय केलंत?" आत आल्या आल्या त्यांनी फाईल उघडली. "उपचार पूर्ण असा दाखला वर पाठवायचाय. आणि तुमचा कागद म्हणतो सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. म्हणजे उपचार चालू आहेत."

"तो शिक्का आहे, ढेकळे. मी सगळ्यांनाच मारतो."

"आमच्या साहेबांनी तो वाचला. मग कुरवडेच्या वकिलाने वाचला. आता त्याने कोर्टात अर्ज टाकलाय, की वैद्यकीय उपचार अपुरे असताना शिक्षा अमलात आणता येत नाही. कोर्ट म्हणतं, दंतवैद्यांचा लेखी खुलासा सोमवारी हजर करा." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "एकच ओळ लिहा. पुढील तपासणीची आवश्यकता नाही. खाली सही."

मी पेन उघडलं. सोपी ओळ होती. 'पुढील' लिहिलं आणि थांबलो.

"काय झालं?"

"असं लिहिता येत नाही, ढेकळे. कॅप बसवल्यावर हिरडी मागे सरकते. बघावीच लागते."

"कुणाची हिरडी?"

"कुणाचीही. त्याची."

ढेकळे खुर्ची पुढे ओढून, लहान मुलाला समजवावं तसं बोलायला लागले. "साहेब, सहा महिन्यांनी तो कुठे असणार?"

"ते तुमचं खातं. माझं खातं हिरडी."

"अहो, पण तुम्हीच ना ते, आजच्या आज?"

"तो मी चौकात. हा मी दवाखान्यात."

"दोघांचं पटत नाही वाटतं एकमेकांशी," ढेकळे म्हणाले, आणि कागद तिथेच ठेवून गेले. त्यावर 'पुढील' एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली: 'दाढेवर अडली फाशी'. ती दाढ नव्हती, उपदाढ होती, पण दुरुस्ती मागण्याची ती वेळ नव्हती. दुपारी 'न्याय हवा' समितीचे अध्यक्ष मधुसूदन रेवणकर आले. त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं आणि ते कुठेही गेले तरी पंचाच्या थाटात जात.

"खरवंडीकर, किती घेतलेत?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"तीन सिटिंग."

"मस्करी नकोय. गावाला तोंड कसं दाखवू मी? मोर्चा तुमच्या भरवशावर काढला. आजच्या आज आणि सहा महिन्यांनी यात काही फरक आहे की नाही?"

"सहा महिन्यांचा आहे."

"तुम्हाला त्याची दया आलीय."

हा आरोप मला लागला, कारण तो खोटा होता. दया आली असती तर मी निदान अभिमानाने सांगितलं असतं. मला सोपान कुरवडेची दया येत नव्हती. मला सर आठवत होते, दारातली पिस्ता रंगाची बादली आठवत होती, आणि तरीही ती एक ओळ लिहवत नव्हती. बारा वर्षांत मी कुणालाही 'आता परत येऊ नका' असं सांगितलेलं नव्हतं. कवळीवाल्यांनासुद्धा नाही.

"रेवणकर, असं करू," मी म्हणालो. "माई म्हणतील तसं करतो. नवरा त्यांचा गेला, भाऊ त्यांचा गेला."

हे सुचल्याबद्दल मी त्या क्षणी स्वतःवर खूष झालो. रेवणकरांनाही ते पटलं. त्यांच्या मते माई काय म्हणणार हे उघड होतं.

रविवारी सकाळी दवाखाना बंद असताना माई आल्या. मी निरोप पाठवला होता, पण त्या निरोपामुळे आल्या नव्हत्या. कवळी टोचत होती म्हणून आल्या होत्या. ती गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

"पेपर वाचलात का, माई?" मी विचारलं.

"शेजारच्यांनी वाचून दाखवला. त्यांना हौस." त्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला. "चांगला बसवलास का दात त्याचा?"

"हो."

"बसवणारच. तुझा हात चांगला आहे. वेळ तेवढी पाळत नाहीस." मग म्हणाल्या, "काही बोलला का तो?"

"बोलला. मी विचारलं त्याला, का मारलंस म्हणून."

माई खुर्चीत ताठ झाल्या. "मग?"

"कळलं नाही. त्याच्या तोंडात बोळे होते."

सर सहामाहीचे पेपर वाटताना माझ्याकडे जसं बघत, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा कागद उचलला, तो 'पुढील' लिहिलेला, आणि सगळं सांगितलं. उद्या द्यायचाय. एक ओळ लिहिली की बावीस तारीख कायम. नाही लिहिली तर लांबणार, किती लांबेल देव जाणे.

"तुम्ही म्हणाल तसं लिहितो, माई. तुमचा शब्द अखेरचा. काय करू?"

माई खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या पिठाच्या गिरणीत कुणीतरी डबे मांडत होतं. चौथा डबा मांडून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"मरू दे," त्या म्हणाल्या. आणि दोन्ही हातांनी कवळी काढून माझ्या हातात ठेवली.

मग तोंडाचं बोळकं घट्ट मिटून बसल्या.

मी कवळी घेऊन आत गेलो आणि घासायला लागलो. मरू दे. मरू दे म्हणजे मरू दे त्याला, लिही तुझी ओळ. किंवा मरू दे म्हणजे जाऊ दे, सोड तो विषय, कशाला उकरतोस. दूध नासलं तरी आमच्याकडे मरू दे म्हणतात, लग्नात मानपान राहिला तरी मरू दे म्हणतात, आणि एखादा खरोखर मरावा असं वाटलं तरीही मरू देच म्हणतात. इतकी वर्षं ही भाषा बोलतोय, ज्यांनी शिकवली त्यांच्याच घरचं माणूस बाहेर बसलंय, आणि दोन शब्दांचं वाक्य मला लावता येत नाही.

बाहेर जाऊन विचारणं अगदी सोपं होतं. कवळी माझ्याच हातात होती. द्यायची आणि विचारायचं. मी ती आणखी दहा मिनिटं घासली. नंतर त्यांना बसवून दिली, आरसा दाखवला. त्या "आता बरी आहे" म्हणाल्या, आणि मी त्यांना रिक्षापर्यंत सोडून आलो.

दोन्ही अर्थ मी रात्रीपर्यंत घोळवले आणि मला सोयीचा होता तो घेतला.

सोमवारी ढेकळे आले. मी खुलासा तयार ठेवला होता. 'रुग्णाच्या दातावर कॅप बसवली असून हिरडीची सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक आहे.'

"रुग्ण?" ढेकळ्यांनी वाचलं.

"तुमच्याकडे कैदी म्हणत असतील."

त्यांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं चिडतील. पण ते दारात थांबून म्हणाले, "खरं सांगू का, साहेब? तेवीसला माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. बावीसची पहाट करून तिथे पेढे वाटायचे म्हणजे..." टोपी घातली आणि गेले.

बावीस तारीख टळली. हिरडी बघणं म्हणजे उपचार की उपचारानंतरची काळजी, यावर वरच्या कोर्टात तीन तारखा झाल्या. तेवढ्यात वकिलाला श्वास मिळाला आणि त्याने मूळ शिक्षेविरुद्धच नवा अर्ज घातला. तो चालला दोन वर्षं. त्या दोन वर्षांत रेवणकर आणि त्यांचे ओळखीचे सगळे दुसऱ्या दंतवैद्याकडे जायला लागले. रेवणकरांचे तिथे दोन दात काढले. माझ्याकडे असते तर वाचले असते.

शेवटी फाशीची जन्मठेप झाली. बातमी मला ढेकळ्यांनी फोन करून सांगितली. पेपरात येण्याआधी ती माईंना आपण सांगावी म्हणून मी त्याच दुपारी त्यांच्या घरी गेलो.

त्या खून झालेल्या खोलीतच बसून तूरडाळ निवडत होत्या. ती खोली मी खुनानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. भिंत अर्धी पिस्ता होती आणि अर्धी जुनी पांढरी. जिथे ब्रश थांबला होता तिथे एक वेडीवाकडी रेघ होती. पुढचा रंग कुणाकडून देऊन घ्यायचा, हा प्रश्न माईंनी सोडवलेला नव्हता.

"जन्मठेप झाली," मी म्हणालो.

"म्हणजे जिवंत राहणार."

"हो."

त्यांनी डाळीतला एक खडा काढून वाटीत टाकला. "तुझ्या त्या कागदामुळे."

"तुमच्या शब्दावर, माई. तुम्ही मरू दे म्हणालात, म्हणून मी ती ओळ लिहिली नाही."

त्यांचा हात सुपात थांबला. "मी मरू दे म्हणाले, म्हणून तू त्याला मरू दिलं नाहीस?"

आता दुसऱ्याने विचारल्यावर ते मलाही जरा विचित्र वाटलं. मी समजावून सांगायला लागलो. मरू दे याचे दोन अर्थ होतात, माई. एक वाच्यार्थ, आणि दुसरा लक्षणेने. मी लक्षणेने घेतला. व्याकरणाच्या मास्तरांच्या बायकोला, त्यांच्याच घरात, त्या भिंतीखाली बसून मी हे सांगत होतो. त्यांनी मध्ये अडवलं नाही.

"झालं सांगून?" मी थांबल्यावर त्या म्हणाल्या. "तेव्हाच का नाही विचारलंस?"

"धीर झाला नाही."

"मोर्चात बोलायला झाला होता."

त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या. मला वाटलं विषय संपला. पण मी तिथवर गेलो होतो, दोन वर्षं वाट बघितली होती, आणि गावातले निम्मे लोक माझ्याशी बोलत नव्हते.

"माई, आता तरी सांगा," मी म्हणालो. "कोणत्या अर्थाने म्हणालात?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. भिंतीवरच्या त्या रेघेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते मला कळलं असतं," माई म्हणाल्या, "तर मी मरू दे कशाला म्हणाले असते, मुकुंदा? सरळ सांगितलं नसतं?"